त्याच्या डोक्यावरचा हात

३ मार्च, मंगळवार

धाकट्या भावाचा दयेचा अर्ज फेटाळला. वकीलबाई फोनवर सॉरी-सॉरी म्हणत राहिल्या. एका गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून झाले होते. उरलेले कापले. सरळ कापले गेले याचंच नवल!

संध्याकाळी दुकान बंद करताना मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेत. फाशीच्या कैद्याला प्रार्थनेला, बोलायला बाहेरचा एक माणूस मागता येतो. धाकट्याने यांना मागितलं, कसं सुचलं कुणास ठाऊक. दर मंगळवारी ते थेट कोठडीत जाऊन बसतात. मी सख्खी बहीण — तर मला काच आणि टेलिफोन! दिवसभर परक्यांच्या डोक्यांना हात लावायचे आणि आपल्या भावाच्या डोक्याला नाही.

म्हणून आमचं ठरलेलं आहे. निघताना मास्तर माझ्या वतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. मग इथे येतात, आणि मी तो हात धरून बसते. बघणाऱ्याला वेड लागलंय असं वाटेल. वाटू दे.

"ठेवलात?"

"ठेवला हो."

आज जरा जास्तच वेळ धरला.

६ मार्च

तारीख आली. सत्तावीस. आई आधीच गेली, सुटली बिचारी.

१० मार्च, मंगळवार

सहज विचारलं, "खड्डा लागतो का हो हाताला?" लहानपणी ओट्यावरून पडला होता धाकटा. डोक्यात मागे, डाव्या कानाच्या वर, खड्डा राहिला. केसांत दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतोच.

मास्तर म्हणाले, "कुठला खड्डा?"

कुठे ते मी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "असेल," म्हणाले, "हात बधिर झालेत आता माझे." हात सोडवून घेतला आणि चहा न घेताच गेले.

११ मार्च

बधिर हाताचा माणूस जाताना कोटाची बटणं अशी चटाचटा लावतो? मी पाहिलं ना!

१३ मार्च, शुक्रवार

भेटीत धाकट्याला विचारलं. काचेपलीकडे मान खाली. मग टेलिफोनवर हळूच, "नाही गं ताई. ते दाराजवळ स्टूल घेऊन बसतात. जवळ कधीच आले नाहीत."

म्हणजे इतके महिने मी कुणाचा हात धरून रडत होते? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आमच्याच धंद्यातली म्हण, आणि माझ्यावरच फिरली!

१७ मार्च, मंगळवार

आले. काही झालंच नाही असे खुर्चीत बसले. मी कडी लावली. कात्री हातात होती, ती तशीच राहिली.

"खोटं का बोललात माझ्याशी?"

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती माझी भाची. औषधाच्या दुकानातली. माझ्याच घरी वाढली."

ती! गल्ल्यासाठी धाकट्याने जिचा जीव — नाही लिहवत. पण त्याने केलं, हे मी कधी नाकारलं नाही. अख्ख्या वस्तीच्या खबरा माझ्या खुर्चीत येतात, आणि ही एवढी आली नाही. दिव्याखाली अंधार.

"दर वेळी ठरवून जातो, आज हात ठेवायचा," म्हणाले. "ऐन वेळी उठवतच नाही. तुम्ही मात्र वाट बघत असता. नाही कसं म्हणू?"

"मग जाता कशाला त्याच्याकडे? त्याचं मरण बघायला?"

"सुरुवातीला — हो."

घालवून दिलं! पुन्हा पायरी चढलात तर बघा, म्हटलं. काय बघा, ते मलाही माहीत नव्हतं. नंतर खुर्ची पुसली. हात साबणाने खसाखसा धुतले.

२० मार्च, शुक्रवार

धाकट्याला म्हटलं, दुसरा माणूस माग, अजून वेळ आहे. हा तिचा मामा आहे!

"माहीत आहे, ताई. कोर्टात मागच्या बाकावर बसायचे. म्हणून तर त्यांना मागितलं. येतील असं वाटलं नव्हतं."

मी कोर्टात याच्या पाठीशिवाय कधी काही पाहिलंच नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू येऊ दिलं नसतंस त्यांना."

नसतंच दिलं! "अरे, तो माणूस तुला हातसुद्धा लावत नाही!"

"नको लावू दे. येतो तरी."

मी वकिलांचे उंबरे झिजवायचे, लोकांची तोंडं सहन करायची, आणि या दोघांनी मिळून मला खुळी ठरवायचं! मास्तर परका. पण धाकट्या, तू? रिसीव्हर आपटून निघाले. निघताना दोघंही काचेवर समोरासमोर हात ठेवतो. आज राहिलं.

२६ मार्च

शेवटची भेट. तो म्हणाला, "उद्या ते असतील. मी एकटा नसेन, ताई." काचेवर हात ठेवला. काच गार, नेहमीसारखी.

राग गेलेला नाही. त्याच्या शेवटच्या घडीला जवळ कोण? मी नाही. त्याचं मरण मागत आलेला माणूस!

२७ मार्च, शुक्रवार

दुकान उघडलं. घरी बसून काय करणार होते?

मास्तर आले. पायरीखालीच थांबले. मी या म्हटलं नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"मागे," म्हणाले, "डाव्या कानाच्या वर. खड्डा आहे त्याला."