मोहनिद्रेतली पहिली मुलगी

सुवा सरोवर, रेशीम गिरणीचं वसतिगृह
ताइशो सम्राटांचं अकरावं वर्ष, फेब्रुवारीची चार तारीख

प्रिय तोमे,

तुमच्याकडे बर्फ छपराला टेकलं असेल. इथे सरोवर गोठून दगड झालंय. काल काही माणसं त्यावरून चालत पलीकडच्या गावाला जाऊन आली. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांची तक्रार कुणापुढे करायची? तुझा नवरा, सासूबाई, धाकटा आणि हात्सुए, सगळी खुशाल असतील.

अक्रोडांची पुरचुंडी पोचली. मी एकही खाल्ला नाही. स्वयंपाकघरातल्या म्हातारीला दिले. गिरणी बंद आहे, मुली आपापल्या गावी गेल्यात. मागे उरलोय मी, ही म्हातारी आणि तिचं मांजर. म्हातारी म्हणते, "रियोबाई, वेळेवर लग्न केलं असतंत तर सुट्टीत जायला घर तरी असतं." मी म्हणते, "आणि तुझं ते मुळ्याचं खारट लोणचं कुणी संपवलं असतं गं?" असे आमचे दिवस चाललेत.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी सतरा दिवस लावले. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा थंडीबद्दल लिहून कागद चुलीत घातला. आज हा चौथा. बघ, यातही थंडी आलीच.

तू मला "रियोताई, आपण" असं लिहिलंस. अगं, चार वर्षं एका पांघरुणात झोपलो आपण. माझे पाय बर्फासारखे गार म्हणून तू लाथा घालायचीस. ते "आपण" वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे लिहिलंस, "माझं मन वाकडं निघालं, त्याला इलाज नाही. पण पोर हात्सुए सरळ मनाची आहे. तिला गिरणीत आपल्या पदराखाली घ्या. आणि कामाला लावण्याआधी गुरुजींकडून मोहनिद्रा देववा, म्हणजे तिचं लक्ष माझ्यासारखं भरकटणार नाही."

तोमे, जुनं उकरून काय मिळणार, असं तू म्हणशील. पण उकरायलाच हवं आहे.

आपण सतरा वर्षांच्या होतो, तो वसंत आठवतोय? अमेरिकेतली गिऱ्हाइकं धागा कुठे जाड कुठे बारीक म्हणून नाक मुरडत होती आणि मालकांचं पित्त खवळलं होतं. रेशमाचं काम तू विसरली नसशीलच. उकळत्या पाण्यातल्या पाच कोषांचे पाच तंतू मिळून एक धागा. त्यातला एक कोष संपला की त्याच क्षणी दुसरा जोडायचा. नजर हलली की धागा बारीक पडलाच, आणि संध्याकाळी फळ्यावर नाव खाली गेलंच. तर मुलींची नजर हलू नये म्हणून मालकांनी टोकियोहून कुवाबारा गुरुजींना आणलं. ऐटबाज टोपी, मिशीला तेल. मोहनिद्रा दिली की मुलीचं चित्त धाग्याला चिकटतं, तिला शीण कळत नाही, चटका कळत नाही, दीडपट काम करते, असं ते म्हणाले.

सभागृहात आपल्याला ओळीने बसवलं. समोर मालक, मालकांच्या आई, शिमोदा मुकादम. गुरुजींनी मला पुढे बोलावलं. लोक नंतर म्हणाले, ही झोपणार हे त्यांनी माझ्या कपाळावरूनच ओळखलं. कपाळ कसलं! मी दाराजवळ बसले होते एवढंच.

त्यांनी डोळ्यांपुढे पितळी बटण धरलं. "पापण्या जड होताहेत," म्हणाले. माझ्या पापण्या जड होत नव्हत्या, मला शिंक येत होती. ते पुन्हा म्हणाले, मग पुन्हा. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. बाहीची कड उसवली होती आणि दिसू नये म्हणून त्यांनी तिला काळी शाई लावली होती. मालकांच्या आई चहाचा पेला तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. मला वाटलं, आता मी डोळे उघडे ठेवले तर या माणसाचं नाक कापलं जाईल, त्याला आणणाऱ्या मालकांचंही कापलं जाईल, आणि सगळा राग माझ्यावर निघेल. म्हणून मी डोळे मिटले.

"आता हात उचलता येणार नाही," गुरुजी म्हणाले. येत होता. मी उचलला नाही. तळहातावर गरम पेला ठेवून त्यांनी विचारलं, "काही जाणवतं?" मी जीभ चावली आणि म्हटलं, "नाही."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भिडेखातर तसं केलं. थोरामोठ्यांचा मान राखला. तोमे, हेही खोटंच. टाळ्या वाजल्या तेव्हा मला फार फार बरं वाटलं. मी जन्मले तेव्हा आई म्हणाली होती, "अगंबाई, परत मुलगीच." त्यानंतर माझ्याकडे बघून कुणी काही बोलावं असं घडलंच नव्हतं. आणि इथे दोनशे मुली माना उंच करून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तुला बोलावलं. "हात उचलता येणार नाही," म्हणाले, आणि तू सरळ हात वर केलास. "उचलतोय की हो गुरुजी! हा बघा!" सगळं सभागृह खो खो हसलं. मालकांच्या आईसुद्धा हसल्या. गुरुजींचा चेहरा उतरला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "काहींचं मन मुळात वाकडं असतं. अशी मनं निद्रेत जात नाहीत." शिमोदाला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून तू "वाकडी" झालीस. "ए वाकडे, धागा बघ!" "वाकडीला आज भात कमी वाढा, सरळ होईल!"

आणि तू तर आपल्यात सगळ्यांत सफाईदार धागा काढायचीस. गाणी म्हणत, शेजारणीची थट्टा करत, धागा गुंडाळणाऱ्या फाळक्याकडे बघितल्यासारखंही न करता. तुझी लड तपासनीस बोटावर घेऊन नुसता मान डोलवायचा.

पण पुढच्याच महिन्यात फळ्यावर माझं नाव वर गेलं आणि तुझं खाली आलं. मोहनिद्रेचा गुण, असं सगळे म्हणाले. का वर गेलं, ते तुला कधी सांगितलं नाही. शिमोदा मला आणि "झोपणाऱ्या" मुलींना निवडक कोष द्यायला लागला होता, गोल, जाड, एका मापाचे. डागाळलेले, कीड फुटलेले कोष तुझ्या घमेल्यात जायचे. त्यातून देवसुद्धा सरळ धागा काढू शकला नसता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कोष घेतले आणि खाली मान घालून काम केलं.

आता विहिरीवरचं लिहिते. हेच लिहायचं टाळत मी आतापर्यंत आले.

आपण कपडे धूत होतो. तू थट्टा सोडून हळूच विचारलंस, "रियो, खरं सांग गं, तुला खरंच काही कळत नाही? मला का नाही होत? माझ्यात काय कमी आहे?" आजूबाजूला कुणी नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की अगं वेडे, मलाही होत नाही. तू हसून माझ्यावर पाणी उडवलं असतंस आणि तिथेच संपलं असतं. पण तू ते सगळ्यांना सांगशील आणि माझं फळ्यावरचं नाव जाईल, ही भीती. तेव्हा मी तोंड गंभीर करून तुला म्हटलं, "तू हट्ट करतेस. मन सरळ ठेव. चटका बसला तरी बसला नाही असं मनाला सांगत राहा, हात काढू नकोस. मग आपोआप होतं."

मी, तोमे. गुरुजी नव्हे, शिमोदा नव्हे. मी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तू कोष उकळायच्या घमेल्यात हात घातलास आणि काढलाच नाहीस. शिमोदा ओरडला, "काढ हात! वेड लागलं का?" तू माझ्याकडे बघून हसलीस. "रियो, काही कळत नाहीये बघ!" असं म्हणालीस, आणि तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी जागेवरून उठले नाही. मोहनिद्रेतल्या मुलीची नजर धाग्यावरून हलायला नको ना!

उजव्या हाताची दोन बोटं गेली. वडील तुला न्यायला आले ते शिमोदापुढे वाकून वाकून माफी मागत होते, "आमच्या पोरीने गिरणीला फार त्रास दिला." मी खिडकीआड उभी राहून ऐकलं. तुला निरोप द्यायला खाली आले नाही, कामात होते असा निरोप पाठवला. कामात नव्हते.

तुला वाटत असेल, पोरवयात झालं, सोडून दे. कसं सोडू? अजून चाललंय ते. कुवाबारा गुरुजी दोन वर्षांत कुठे तरी नाहीसे झाले. मग दुसरे आले, आता तिसरे आहेत, पांढरा अंगरखा घालतात. दर मार्चमध्ये नव्या पोरींना सभागृहात बसवतात आणि पहिल्यांदा मला पुढे बोलावतात. मी आता शिकवणारी बाई आहे ना! बटण डोळ्यांपुढे यायच्या आत मान टाकते. पंधरा वर्षं झाली. दरवर्षी एखादी पोर हात वर करतेच. गेल्या वर्षी एत्चू प्रांतातली एक होती, इशी नावाची. अगदी तुझ्यासारखी हसली. तिला त्या क्षणी काय वाटलं ते मी पाहिलंसुद्धा नाही, कारण मी डोळे मिटून बसले होते. जूनमध्ये ती गिरणी सोडून पळाली.

हात्सुएच्या बापाने शिक्का मारलेला करारनामा कचेरीतून माझ्याकडे आला आहे, कारण तिला आणायला मीच येणार होते. तो या पाकिटात आहे. चुलीत घाल. कागद कुठे गेला असं कचेरीत विचारतील, तेव्हा मीच परत पाठवला म्हणून सांगीन. सांगीन असं आज लिहिते आहे. ऐनवेळी माझी जीभ काय करते ते तुला आता कळलंच आहे. म्हणूनच कागदच पाठवते, म्हणजे माझ्या जिभेवर काही राहायला नको. कदाचित मला इथून घालवतील. मग कुठे जायचं, ते ठाऊक नाही. आणि मार्चमध्ये मला पुढे बोलावलं तर मी डोळे उघडे ठेवीन, असं वचन देत नाही. माझ्या वचनाला काय किंमत आहे! पण तुझी मुलगी त्या सभागृहात नसेल, एवढं माझ्या हातात होतं, ते केलं.

आता थोडं हात्सुएशी बोलते.

हात्सुए बाळा, तुझ्या आईला लिहितावाचता येत नाही, तेव्हा तिचं पत्र तूच लिहिलं होतंस आणि हेही तूच मोठ्याने वाचते आहेस. अक्षर फार छान आहे तुझं. "माझं मन वाकडं निघालं" हे आईने सांगितलं आणि तू ते त्या छान अक्षरात लिहिलंस, खरंच समजून. वाचताना काही गाळलं असशील, माझी लाज राखायची म्हणून किंवा आईला रडू येईल म्हणून, तर परत मागे जा आणि वाच. विहिरीवरचं नक्की वाच. मग आईच्या जवळ सरकून बस आणि हे पुढचं सावकाश वाच.

तोमे, त्या सभागृहात आपण दोनशे मुली होतो आणि खरं बोललीस ती एकटी तू. तुझ्या मनात वाकडं काहीही नव्हतं, त्या दिवशीही नाही, आजही नाही. मी झोपले नव्हते. कधीच झोपले नव्हते.

उत्तराची वाट बघत नाही. "तुझी" असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

रियो