विसरायला दिलेली करवंटी

आये, आज सकाळी तू लग्नात दिलेला तांब्या भरून मी पडवीत गेले आणि तसाच भरलेला घेऊन परत आले. झाडापुढून पाणी परत आणणारी बाई तू जन्मात पाहिली नसशील. मला माझंच इतकं कौतुक वाटलं, की तुला सांगायलाच बसले आहे.

झालं असं. आमची सून सोलापूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या बॅगांआधी तिने गाडीतून नऊ छोट्या कुंड्या उतरवल्या. सक्युलंट म्हणतात त्यांना. तुझ्या पानफुटीची भावंडंच समज, पानं घोळीच्या भाजीसारखी फुगीर, रसाने भरलेली. यातली निम्मी तिने शाळेत असल्यापासून वाढवलेली. दिवाळीनंतर भावाच्या लग्नाला ती पंधरा दिवस माहेरी गेली, आणि जाताना कुंड्या माझ्या हवाली करून म्हणाली, "आई, यांचं फार काही करू नका हं." फार काही करू नका! आपल्या घरात हे वाक्य कुणाला कळलंय? मी मनात म्हटलं, पोर संकोचते आहे. रोज सकाळी एकेका कुंडीला पोटभर पाणी सुरू केलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी खालची पानं पिवळी, लिबलिबीत झाली आणि हात लावताच टपटप गळू लागली. तू कानात बोललीस, "पान गळला म्हणजे झाडाक तान लागली गो." म्हणून संध्याकाळीही पाणी दिलं. तरी गळतच होती. मग तुझा हुकमी उपाय काढला, बांगडे धुतलेलं पाणी. त्या पाण्यावर तुझा कढीपत्ता छपराला लागला होता. इथे मात्र वाडीतली सगळी मांजरं गोळा झाली आणि कुंड्या उकरून गेली. तुझे जावई पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगो, तां झाड आसा, म्हस नाय. किती पाजतंस?" मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. सुनेचा व्हिडिओ कॉल आला की फोन जास्वंदीकडे फिरवायचे, "बघ, फुलं किती आलीत!" मला तिच्या रागाची भीती नव्हती. विश्वासाने सोपवलेलं झाड माझ्या हातून दुसऱ्यांदा जाणार, याची होती.

पहिल्यांदाचं तुला आठवत असेल. मी बारा वर्षांची, वैशाख तापलेला. तू मावशीकडे पिंगुळीला आठ दिवस चालली आहेस. विहिरीपलीकडे तू नुकताच माड लावला आहेस, वीतभर कोंब. पायरीवर थांबून सांगतेस, "झाडाक तोंड नसता. तान लागली तरी सांगूक येणा नाय. तूच बघूक होया." परत येतेस तेव्हा कोंब वाळून गेलेला. मी म्हणते, "मी रोज पाणी घातलंय. वाळवी लागली." तू काही ओरडत नाहीस. "माझाच चुकला. मी जावक नको होता," म्हणतेस आणि पिशवीतून गुळाचं खाजं काढून माझ्या हातावर ठेवतेस.

म्हणून सून आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं. पाणी दोनदा घातलं, बांगड्यांचं घातलं, जास्वंद दाखवून फसवलं, सगळं एका दमात सांगून टाकलं. कुंड्या बघून तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "बांगड्यांचं?" आणि अशी हसत सुटली की पायरीवरच बसली. मीही बसले. पोट दुखेस्तोवर हसलो दोघी. मग तिने समजावलं. ही झाडं पाणी पानांतच साठवतात. तहान लागली तर पान सुरकुततं. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात आणि पान पिवळं होऊन गळतं. बोट मातीत खुपसून बघायचं, आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी. तिने झाडं उपटून काळी मुळं कापली, दोन दिवस सावलीत सुकवली. किनाऱ्यावरची वाळू आणू का विचारलं तर म्हणाली, "आई, खारट असते ती!" शेवटी ह्यांनी चिऱ्याची बारीक खडी चाळून दिली आणि कुंड्यांच्या बुडाला भोकं पाडली. नऊपैकी सात वाचली.

गळलेली पानं मी केरात भरली होती. त्यातली धडधाकट तिने वेचली आणि कोरड्या खडीवर नुसती मांडून ठेवली. आये, महिन्याभरात त्यांना गुलाबी मुळं फुटली, आणि टोकाशी मोहरीएवढं बाळ! मी अख्ख्या वाडीला बोलावून दाखवलं. त्यातलं एक तिने भोक पाडलेल्या करवंटीत लावून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हे तुमचं. ह्याला फक्त विसरायचं." तेव्हापासून रोज तांब्या घेऊन जाते, बोट खुपसते आणि थोडं तरी पाणी घालतेच. ते आज पहिल्यांदा जमलं नाही, म्हणजे जमलं.

तुला धाडायला आता पत्ता नाही, म्हणून हा कागद घडी करून करवंटीखाली ठेवणार आहे. तिथे आता पाणी पडायचं नाही. त्याआधी एक राहिलंय. आये, वाळवी नव्हती. त्या आठ दिवसांत मी एकदाही विहिरीपलीकडे गेले नव्हते. तू त्या वाळक्या कोंबाशी वाळवीवर म्हणून राख घालत होतीस, आणि मी पायरीवर बसून तू आणलेलं खाजं खात होते.