चोवीस हमाल आणि एक जिना

श्री. हिंदुराव जगदाळे, व्याहीबुवा, मुक्काम कोरेगाव, यांना घणसोलीच्या माथाडी वसाहतीतून भैरू शेलारचा मानाचा रामराम. विहीणबाईंना शालनचा नमस्कार (साष्टांग लिहा म्हणाली होती, पण तिचे गुडघे बघता मी तो उभ्यानंच लिहितो). तुमचा खांदा आता कसा आहे? एवढी वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवलेला खांदा, तो बोलणारच. गाय व्याली का, आणि कालवड झाली की खोंड, तेही कळवा.

इकडं सगळे मजेत. तेजश्रीही मजेत. डॉक्टरीणबाईंनी तिला झोपून राहायला सांगितलंय हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. दसरा झाला की तुम्ही स्वतः जीप घेऊन तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला येणार, हेही माझ्या ध्यानात आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्हाला इंजिनाच्या वरून बोलायची सवय. फोनवर तुमचंच ऐकू येतं आणि माझं राहून जातं. शिवाय मी जे केलंय ते फोनवर मावणारं नाही.

लग्नातलं रुखवत आठवतं ना? चकल्यांचा मनोरा आणि विहीणबाईंनी विणलेला मोर यांच्या मधे एक काळा डबा मांडला होता. आमच्याकडच्या निम्म्या मंडळींनी त्याला पाणी शुद्ध करायचं यंत्र समजून तुमचं कौतुक केलं. तो तेजश्रीचा गेम खेळायचा कन्सोल होता. पाठवणीला तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "पोरीला सगळं येतं, पण तिला खेळायला लागतं. तेवढं बघा." मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत, एवढंच मागणं. मी भर मांडवात शब्द दिला. माथाडी मुकादमाचा शब्द म्हणजे काय, हे बाजारात कुणालाही विचारा. गाडी खाली होईल म्हणालो की ती होणारच, मग ड्रायव्हर झोपलेला असो नाहीतर व्यापारी पळालेला असो.

तर तो डबा पावसाळ्यात गेला. खाडीच्या हवेनं आमच्या दारांच्या कड्यांचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय, तेच त्याच्या पोटात झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता कुणी बनवत नाही. तेजश्रीनं खेळाच्या डिस्क पुसून कपाटात ठेवून दिल्या. ऑफिसला जात होती तोवर तिचं निभावलं. पण झोपून राहायचं ठरल्यापासून पोरगी छताकडं बघत बसली (म्हणजे पडली). शालननं हातानं भरवलं, मी बाजारातले किस्से सांगितले (ते ऐकताना ती दोनदा झोपली, तेवढाच आराम). पण चेहरा उतरला तो उतरलाच. तिचा एक आवडता खेळ आहे. त्यात एक वेणीवाली पोरगी या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत गावभर पळते. आता जिला स्वतःला मोरीपर्यंतच चालायची परवानगी आहे, तिला दुसऱ्या कुणाला तरी पळवावंसं वाटणार की नाही? मला तुमचा शब्द (खरं तर माझाच) रात्रंदिवस टोचायला लागला.

तुमचा जावई शिवतेज उरणला कंटेनर यार्डात शिफ्टवर असतो, त्यानं फोनवरून तोड काढली. म्हणाला, काँप्युटरमध्ये एमुलेटर नावाचं एक सॉफ्टवेअर टाकायचं, मग काँप्युटर त्या कन्सोलचं सोंग घेतो. हिच्या जुन्या डिस्क त्यावर चालतात. म्हणजे बहुरूपी. आपल्याकडं पोलिसाचं सोंग घेऊन यायचा, खऱ्या पोलिसापेक्षा जास्त घाम गाळायचा आणि खऱ्यापेक्षा कमी घेऊन जायचा. काँप्युटरचंही तसंच असतं म्हणे. सोंग घ्यायला मूळच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. नाहीतर चित्र अडकतं. "बाबा, तेजश्रीला विचारून घ्या," असंही तो म्हणाला. ऑफिसात ती दिवसभर काँप्युटरचंच काम करायची, पण जिला आश्चर्याचा धक्का द्यायचा तिलाच विचारायचं म्हणजे नवरीला घोड्यावर बसवून वरात शोधायला पाठवण्यासारखं. शिवाय मी उभा जन्म माल पारखला आहे. पोत्याला हात लावून आतला बटाटा कुठल्या मातीतला ते सांगतो (नेहमी बरोबर येतं असं नाही, पण सांगतो).

दिघ्याला एक जण बंद पडलेल्या ऑफिसांची यंत्रं विकतो. तिथं गेलो. त्यानं आधी लहान लहान डबे दाखवले. एकेक उचलून बघितला, अगदीच पोकळ. मग कोपऱ्यात एक धूड दिसलं. उचलायला वाकलो तर कमरेनं ओळख दिली. म्हटलं, हा माल. तो म्हणाला, याच्यात चोवीस कोअर आहेत. कोअर म्हणजे आत काम करणारी माणसं, असं त्यानंच मला सोपं करून सांगितलं. व्याहीबुवा, चोवीस माणसांची टोळी! माझ्या उमेदीच्या काळात माझ्याकडं अठरा होती, तर अख्ख्या कांदा-बटाटा मार्केटात मान होता. तो बिचारा पुढं काहीतरी सांगत होता, की काका हे ऑफिसच्या कामाचं यंत्र आहे, गेमला वेगळं लागतं. पण चांगला माल दिसला की विकणाराच कधीकधी कच खातो, हे मला माहीत असल्यानं मी ऐकलं नाही.

ते धूड तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझ्या टोळीतल्या दोघा निवृत्त गड्यांनी चढवलं. जिन्यावर अख्खी वसाहत बघायला उभी होती. तेजश्रीच्या पलंगासमोर टेबल मांडलं, टीव्ही जोडला, शिवतेजनं सुट्टीच्या दिवशी सॉफ्टवेअर टाकलं आणि बटण दाबलं. असा काही घोंगाट सुटला की खालच्या मजल्यावरच्या सगुणाबाई गव्हाचा डबा घेऊनच वर आल्या. गिरणी काढलीत ते बरं केलंत म्हणाल्या, नाक्यावर फार गर्दी असते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. (डबा अजून इथंच आहे, का कोण जाणे.)

खेळ सुरू झाला. वेणीवाली पोरगी धावली, गच्चीच्या काठावर आली, उडी मारली आणि हवेतच थांबली. वाऱ्यावर वाळत घातल्यासारखी. मग दोन बोटं पुढं सरकली, परत थांबली. गाणं तर असं रेंगाळत येत होतं की झपाटलेल्या माणसानं आरती म्हणावी. तेजश्री माझ्याकडं बघून हसली. छान आहे म्हणाली. व्याहीबुवा, तुमच्या पोरीला खोटं बोलता येत नाही, हा तुमचा दोष आहे आणि मी तो तेव्हा सोसला.

मग तिनं पडल्या पडल्या काहीतरी दाबलं आणि पडद्यावर चोवीस चौकोन आले. आतली टोळी काय करतेय ते त्यात दिसतं. मी बघतोय तर दोन चौकोन पार वरपर्यंत भरलेले, जीव खाऊन काम करतायत, आणि बाकीचे बावीस आडवे. सपाट. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मुकादमकी केली, पण दोघांनी वाहायचं आणि बावीस जणांनी तंबाखू मळायची हे मी कधी चालू दिलेलं नाही. तिला म्हटलं, यांना उठव, कामं वाटून दे, नाहीतर मला दाखव कुठं बोलायचं ते. तेव्हा ती पहिल्यांदा खरं हसली. म्हणाली, "मामंजी, जिना अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस पोतं घेऊन चढू शकतो. खाली चोवीस उभे केले तरी काय उपयोग? चढणारा दणकट पाहिजे." या खेळाचं काम असंच एकामागून एक होतं, म्हणून फार वाटून देता येत नाही. आणि ऑफिसचं ते धूड म्हणजे माणसं भरपूर, पण एकेकटा मवाळ.

हे मला इतक्या झटकन कळलं की तीही चकित झाली. मला तरी असं वाटतं की हे मी बहुतेक आधीपासूनच ओळखून होतो.

दुसऱ्या दिवशी वाशीला मोठ्या दुकानात गेलो. टाय लावलेला पोरगा पुढं आला आणि रंगीत दिव्यांचा काचेचा डबा दाखवायला लागला. त्याला म्हटलं, गणपती होऊन गेले. मला टोळी नको, आरास नको, मला एक पैलवान दे. तेजश्रीनं शिकवलं होतं तसं विचारलं, की एकेकटा कोअर किती जोराचा, त्याचं अंग तापल्यावर वारा घालायला पंखा कसा, चित्र काढणारं कार्ड वेगळं आहे का, आणि जुन्या डिस्क कशात घालायच्या. हल्लीच्या काँप्युटरला डिस्क घालायला तोंडच नसतं. पोरगा सावरून बसला. मग म्हणाला, काका, बजेट काय? आता भाव असा चारचौघांत मोठ्यानं विचारतात का? आमच्या बाजारात पूर्वी तो रुमालाखाली व्हायचा. खांद्यावरचा पंचा काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून बोटं दाबली. (भाव व्यापारी करायचे हे खरं, पण मी शेजारी उभा राहून ते इतकं बघितलंय की बोटं आपोआप वळतात.) पोरगा पांढरा पडला. त्यानं दुसऱ्या हातानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं मला खुर्ची दिली आणि पाणी आणलं. छातीत दुखतंय का विचारलं. मी बोटं सोडली नाहीत. शेवटी त्यांनी सवलत दिली, वर माऊस ठेवायची चटई आणि डिस्क घालायचा पानाच्या डब्याएवढा डबा फुकट दिला. घाबरून दिला असं शालन म्हणते. भाव पटल्याशिवाय कुणी काही देत नाही.

दिघ्याचं धूड परत केलं. घेणाऱ्यानं काही न बोलता घेतलं, हा त्याचा मोठेपणा.

आता ऐका. नवा डबा इतका हलका की मला त्याची शंकाच होती. एका काखेत मारून वर आणला, बघायला कुणीही आलं नाही. बटण दाबलं तर आवाज नाही. मला वाटलं, बंदच आहे. आणि पडद्यावर ती पोरगी धावली. काठ आला, उडी मारली, गेली की पलीकडं! परत धावली, परत उडी. कुठं अडखळणं नाही, गाणं कसं खणखणीत. तुम्ही खंबाटकीच्या घाटातून एसटी काढायचात आणि मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही, असं तुम्ही सांगता (म्हातारीनं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही), अगदी तसं. तेजश्री एवढ्या मोठ्यानं हसली की शालन पिठाचे हात घेऊन धावत आली. पोरीनं माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. आतून लाथ आली. म्हणजे तिसऱ्या पिढीनंही माल पास केला.

व्याहीबुवा, मला फार अभिमान वाटला आणि अजून वाटतोय. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मांडवात दिलेला शब्द मी तिसऱ्या मजल्यावर पाळला.

विहीणबाईंना, कालवडीला (झाली असली तर) आणि कोरेगावच्या सगळ्या मंडळींना आमची आठवण सांगा.

तुमचा,
भैरू शेलार
मुकादम (निवृत्त, पण नुसता नावाला)

ता. क. दसऱ्याबद्दल शेवटी लिहितो म्हणालो होतो, ते राहिलं. तेजश्रीची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या की बाळंत होईपर्यंत प्रवास अजिबात नको. मी त्यांना तुमच्या ड्रायव्हिंगबद्दल सगळं सांगितलं, म्हातारीचा चहासुद्धा. त्या म्हणाल्या, विमान आणलं तरी नको. काळजी करू नका, नीट जपलं तर सगळं ठीक होईल असं त्यांनीच सांगितलंय आणि दवाखाना जवळ आहे. पण तुम्ही खोलीला रंग दिलाय, विहीणबाईंनी डिंक आणून ठेवलाय, हे पोरीला माहीत आहे. तुम्हाला सांगायला तिची जीभ रेटेना. एकदा रडली. म्हणून मी लिहायला बसलो, आणि माझीही रेटेना, म्हणून आधी काँप्युटरचं लिहिलं.

ता. क. दुसरा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत मी मोडणार नाही. काँप्युटर कन्सोलचं सोंग घेतो, तर आमची आतली खोली कोरेगावचं का घेणार नाही? दसऱ्यापासून ती खोली तुमची. आम्ही विचारल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, शालनची सासूगिरी उंबऱ्याबाहेर. पण मी वर लिहिलंच आहे, सोंगाला खऱ्यापेक्षा जास्त ताकद लागते, आणि आमच्याकडं आई-बाप बसवलेले नाहीत. तेव्हा जीप घेऊन याच, पण न्यायला नको, राहायला या. डिंक आणा. खेळाचा दुसरा रिमोट तुमच्याच कपाटात आहे म्हणे, तोही आणा. बाप-लेक जोडीनं खेळायचात, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत.

ता. क. शेवटचा. शालननं पत्र वाचलं. म्हणते, दुसरा ता. क. तेवढा पाठवा, बाकीचं फाडा. तिला यंत्रातलं काही कळत नाही. आतल्या खोलीच्या दारावर 'हिंदुराव जगदाळे, कोरेगाव' अशी पाटी मात्र तिनंच खडूनं लिहिली. आत्ता पत्र पाकिटात घालण्याआधी मी ती नीट दिसते का बघायला गेलो आणि रीतीप्रमाणं कडी वाजवली. आतून पोरीनं विचारलं, "कोण पाहिजे?" म्हटलं, हिंदुराव आहेत का घरात?

"नाहीत," ती म्हणाली. "पण येतायत."