लांबीसाठी एक बाइट

३ जून, सकाळी.
आजपासून रोज लिहिणार. हॉस्पिटलमधली यंत्रं एकमेकांना निरोप पाठवतात, त्यांचा फॉरमॅट ठरवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलंय. जमलं तर टीम लीड मी. अकरा वर्षं वाट बघतोय, आता खरंच थकलोय. प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी लिहायची असते. मी लांबीला एक बाइट दिला. म्हणजे निरोप जास्तीत जास्त २५५ बाइटचा, इंग्रजीत तितकीच अक्षरं. सिस्टर काय कादंबरी लिहिणार आहेत?

५ जून.
टेस्टर बाई म्हणाल्या, चार बाइट ठेवा. त्यांना सगळंच ऐसपैस लागतं. घरी बायकोला सांगितलं, तर तीही म्हणाली, ठेव की, तुझं काय जातंय? तत्त्व जातं. पण घरात तत्त्वावर बोलायचं त्राण उरलेलं नाही.

९ जून.
टेस्टिंग पूर्ण. दोन निरोप पाठवले, ‘test’ आणि ‘ok’. दोन्ही पोचले. बाई म्हणाल्या, एखादा मोठा पाठवून बघा. वेळ नव्हता. चहा घेतला.

१२ जून, दुपारी.
हॉस्पिटलात डेमो. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरनी निरोप मराठीत लिहिला. आपल्या लिपीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. हे मला माहीत आहे, फक्त आठवलं नव्हतं. दीड ओळीचे २५८ बाइट झाले. २५५ ओलांडले की मोजणी पुन्हा शून्यापासून, त्यामुळे यंत्राला लांबी दिसली दोन. दोन बाइटांत एक चिन्हही बसेना, म्हणून डॉक्टरांच्या पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. उरलेला मजकूर यंत्राने पुढचा निरोप समजून टाकला शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या नावावर. सिस्टरनी विचारलं, खरा पेशंट असता तर? मी म्हणालो, थोडक्यात लिहायची सवय करा. कोणी हसलं नाही. भीती वाटली.

१३ जून.
दोन बाइट करावेत का? पण लगेच बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. सोमवारी बघू.

१६ जून, सोमवार.
टीम लीड टेस्टर बाई. लांबीला चार बाइट. साहेब म्हणाले, मॅन्युअलमध्ये ‘टाळायच्या चुका’ असं प्रकरण हवंय, ते तुम्हीच लिहा, तुमच्याइतका अनुभव इथे कोणालाच नाही. बायकोला फोन केला, म्हटलं, अखेर माझी दखल घेतली. ती म्हणाली, लवकर घरी ये.

संध्याकाळी.
प्रकरणाची सहा पानं झाली. अजून नोकरीच्या पहिल्या वर्षातच आहे.