थुंकीतली गाय

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज). वहिनीची सर्दी गेली असेल. तुझा राग गेला का, ते विचारत नाही. गेला असता तर लेकीला फोन केला असतास.

मुद्द्याचं सांगते. तू हरलास. ठमी माझ्याकडे राहायला आली तेव्हा काय बोलला होतास ते आठव. माणसाची सगळी जनुकं कधीच मोजून झाली, पेपरात छापून आलं, आता ही बया आणखी काय शोधणार? त्यापेक्षा आपल्या औषधाच्या दुकानात बस म्हणावं. ती बसली नाही, तू बोलणं टाकलंस. तर ऐक, तुझ्या लेकीला नवं जनुक सापडलं!

मला कळलं तेवढं सांगते (शाळा चौथीत सुटली, तेव्हा जास्त मागू नकोस). आपल्या अंगात म्हणे एक लांबच लांब मजकूर असतो. त्यातला एकेक तुकडा म्हणजे जनुक. एकेक प्रथिन कसं विणायचं ते तो शरीराला सांगतो. पण मोजणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, शंभर टाक्यांहून आखूड तुकडा दिसला की सोडून द्यायचा, त्यातून काय विणलं जाणार? ठमी नेमकी त्या टाकून दिलेल्या तुकड्यांच्या मागे लागली. त्यात एक इवलासा तिच्या मनात भरला. पण त्यातून खरंच प्रथिन बनतं हे दाखवायचं, तर ते कुणाच्या तरी अंगात सापडायला हवं. थुंकीत असेल असा तिचा अंदाज. मग काय, दिली माझ्या हातात नळी.

आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, असं बजावलं होतं. मी नाहीच खाल्लं. फक्त दूध नासलंय का ते बघायला चमचाभर चाखलं (चाखणं म्हणजे पिणं नव्हे, कुठल्याही बाईला विचार). झालं! माणसात कधीच न दिसलेली ढीगभर प्रथिनं ठमीच्या प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये निघाली. तिथल्या मोठ्या बाई खुर्चीतून उठून नाचायच्याच बाकी होत्या. तेवढ्यात ठमीला शंका आली आणि तिचा फोन.

"आत्या, दूध प्यायलीस?"

"नाही गं, चाखलं."

"अगं, तुझ्या थुंकीत गाय सापडलीय!"

"मग गाय शोधली म्हणून सांग की."

पलीकडे मोठ्या बाई खो खो हसल्या, मला ऐकू आलं. ठमी काही हसली नाही.

दुसऱ्या खेपेला मी तोंड शिवल्यासारखी बसले आणि मगच नळी भरली. आणि दादा, त्यात ते पिटुकलं प्रथिन निघालं! मग पहारेकऱ्याच्या थुंकीत, शेजारणीच्या थुंकीत, खुद्द मोठ्या बाईंच्या थुंकीत. ते अंगात काय काम करतं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही (नुसतं बसून खाणारं प्रत्येक घरात एक असतंच). ठमी जिन्यातूनच ओरडत वर आली, मला उचलून गरागरा फिरवलं. उसण तिथलीच. मग जेवताना घास हातात धरून म्हणाली, "बाबांना आवडेल का गं?" मी म्हटलं, विचारते.

तुझी धाकटी

ता. क. सोबत रिकामी नळी पाठवते आहे. तीत थुंक, बर्फात ठेव आणि स्वतः घेऊन ये. भरलेली नळी पोस्टानं चालत नाही.

आणखी ता. क. खरं सांगू? थुंकी त्यांच्याकडे रग्गड झाली, तुझी कुणी मागितलेली नाही. पण रविवारी दादा येतोय, असं मी ठमीला ठोकून दिलंय. मग चहा गाळता गाळता म्हणाली, "लिफ्ट बंद आहे, बाबांचे गुडघे दुखतील. मीच खाली जाऊन उभी राहते." तेव्हा गाडीची वेळ कळव.