जोतिबाला कोण गेलं होतं

प्रिय आक्कामावशी,

आज सकाळी मी तुझा नंबर लावला. तू जाऊन वर्ष होत आलं हे मला ठाऊक आहे, तुझ्या दिवसकार्याला मीच पदर खोचून वाढलंय, तरी लावला. तुझ्या सुनेनं उचलला. "कोन बोलतंय?" म्हणाली. काय सांगणार तिला? चुकून लागला म्हणून ठेवून दिला आणि लिहायला बसले. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय आता कुणालाच माहीत नाही.

तुझी धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, रोज दुपारी रडते. जेवण होतं, भांडी होतात, मग ती खिडकीपाशी बसते आणि पदराचं टोक तोंडात धरून रडते. आवाज करत नाही. हे रडणं तिच्या डोक्यात मी घातलंय. का ते तिचंच होतं? तेच तर मला कळत नाही, आणि त्यापायी मला वेड लागायची पाळी आली आहे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू मधेच तोडशील.

आईचं विसरणं तुला माहीत होतं. चष्मा, गोळ्या, गॅस. तू हसण्यावारी न्यायचीस. "तिचं पैल्यापासनं असंच हाय. लगीन झाल्यावर नवऱ्याचं नाव इसरलती." पण तू गेल्यावर ते भराभर वाढलं. इथं राजारामपुरीतच एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, नवं काही डोक्यात राहणार नाही, पण जुनं आहे तोवर त्यांना जुनं बोलू द्या. माहेरचं, लहानपणचं सांगायला लावा. बोलणं थांबलं की माणसाचं जेवणखाणही थांबत जातं. मला वाटलं, एवढंच ना? जन्म गेला शाळेत पोरांना बोलतं करण्यात, आईला बोलतं करायला काय लागतंय?

कसलं काय! मी विचारायचे, "आई, तुमच्याकडं म्हशी किती होत्या गं?" ती माझ्याकडं बघायची, अभ्यास न केलेलं पोर बघतं तशी. "आक्काला इचार," म्हणायची. शाळेत बरोबर कोण होतं? "आक्काला इचार की." तुला कुठून विचारू? सुरुवातीला खरं सांगितलं तिला, की आक्का गेली. ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणते, "आक्का कवा येनार चटणीला?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. तेव्हापासून सांगणं सोडलं. गावाकडं आहे, म्हशीला सोडून येता येत नाही, असं म्हणते. म्हैस तुझ्या पोरानं विकली, पण ते जाऊ दे.

चटणीवरूनच मला सुचलं बघ. दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला तू आमच्याकडं यायचीस. मिरच्यांचा ढीग, तुम्ही दोघी देठं काढत बसलेल्या, आणि तोंडं चालू. आई म्हणणार, पुरात आण्णांनी रेडकू खांद्यावर घालून आणलं. तू लगेच, "रेडकू कुठलं? शेळी हुती ती. तुला काय ठावं, तू माळ्यावर बसून बोंबलत हुतीस." आई म्हणणार, "माळ्यावर तू हुतीस. मी आण्णांच्या मागनं पान्यात गेलतो." शाळेत मी पोरींना 'मी गेले होते' शिकवायचे आणि घरात तुम्ही दोघी म्हाताऱ्या 'मी गेलतो' म्हणत एकमेकींच्या अंगावर जायच्या. एकटीला विचारलं असतं तर तो पूर दोन वाक्यांत संपला असता. तुम्ही एकमेकींचं खोडत राहिला, म्हणून आम्हाला सगळा पूर कळला.

शाळेतही मी हेच करायचे. गणित विचारलं की पोरं खाली बघतात. फळ्यावर मुद्दाम चुकीची बेरीज लिहिली की सगळा वर्ग उठून उभा राहतो, "बाई, चुकलं!"

तर मी आईला विचारणं बंद केलं आणि चुकीचं सांगायला लागले.

"आई, तुमच्या म्हशीचं नाव गंगी होतं ना?"

"गंगी? कोन म्हनतंय? चंद्री हुती ती. गंगी शेजाऱ्याची, मारकी."

आणि चंद्रीवरून दूध, दुधावरून गगनबावड्याच्या वाटेवरचा तो पाऊस, पावसावरून तुमची घोंगडी, आई बोलतच राहिली. आई, लग्नात तुला हिरवं लुगडं होतं ना, म्हटलं तर केवढी चिडली. "हिरवं आक्काला. मला डाळिंबी. शाळंत काय शिकिवलंस गं पोरांस्नी, एक धड ठावं न्हाय तुला." मी फोनवर सगळं रेकॉर्ड करायचे आणि आत जाऊन तोंड दाबून हसायचे. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या सुनेलाही ही युक्ती सांगितली. काका कित्येक दिवस बोलत नव्हते. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही म्हणे तालमीची पायरीबी कधी चढला न्हाई." काका खुर्चीतून उठले आणि मांडीवर शड्डू ठोकला. बिचारी घाबरून वर पळत आली मला सांगायला. किती बरे दिवस होते ते, मावशी! मला वाटलं, मला गुरुकिल्लीच सापडली.

दिवाळीनंतर आईचं खोडणं कमी होत गेलं. एक दिवस मी पुन्हा म्हशीचं म्हटलं, गंगी ना गं तिचं नाव? ती खिडकीबाहेर बघत होती. "असंल," म्हणाली. एवढंच. डाळिंबी लुगडं पण हिरवं झालं. जे म्हणेन त्याला "असंल". आई समोर बसलेली आणि माझ्या हातातून निसटत चाललेली. तिनं माझ्यावर एकदा तरी ओरडावं म्हणून मी काहीबाही बोलायला लागले, दिवसेंदिवस मोठं, दिवसेंदिवस जिव्हारी लागेल असं. आणि मग मी दत्तूमामाला हात घातला.

तुमचा भाऊ, तिघांत धाकटा. ऐन चैत्रात तापानं गेला, अजून नीट बोलतही नव्हता, एवढंच मला माहीत. त्याचं नाव निघालं की तुम्ही दोघी गप्प होऊन मिरच्या निवडायच्या. तेवढ्या एका गोष्टीवर तुम्ही कधी भांडला नाहीत. हे मला तेव्हाच उमजायला नको होतं का? जन्मभर पोरांची तोंडं वाचली आणि घरातल्या दोन बायकांची वाचता आली नाहीत.

मी म्हटलं, "आई, दत्तूमामा गेला तेव्हा तू घरात नव्हतीसच ना? चैत्रातल्या यात्रेला, सासनकाठीबरोबर जोतिबाला गेली होतीस." फोन सुरू करून ठेवला होता. आता उसळेल, म्हणेल, कोण म्हणतंय, मीच त्याच्या उशाला होतो.

तिचे लसूण सोलणारे हात थांबले.

"मी जोतिबाला गेलतो? दत्तूला ताप असताना?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "व्हय. गेलतो मी. गुलाल हुता अंगावर."

गुलालाचं मी बोलले नव्हते. कुठून आला तो? जोतिबा म्हटलं की गुलाल आलाच, म्हणून आला? की तुमच्या दारात खरंच कुणीतरी गुलालानं माखून परत आलं होतं आणि आत पोर गेलेलं होतं? सांग ना. तू तिथं होतीस.

त्या दिवसापासून ती रडते. मी पाया पडून सांगितलं, आई, मी खोटं बोलले, मी रचलं ते. ती म्हणते, "तू मला समजवाय म्हनतीस." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषय बदला, मन दुसरीकडं न्या. कुठं नेऊ? ती माझं नाव विसरते, जेवली की नाही विसरते, तू गेलीस हे विसरते, आणि हे तेवढं विसरत नाही. ज्या डोक्यात म्हशीचं नाव टिकलं नाही तिथं हे कसं टिकलं? मी तुमच्या गावीही जाऊन आले. तुमच्या वेळचं एकच म्हातारं माणूस उरलंय, कट्ट्यावर बसलेलं असतं. ते म्हणालं, "त्या टायमाला लई पोरं गेली बाई. कुनाकुनाचं ध्यानात ठिवायचं?"

मावशी, तू एवढी बोलायचीस. बसमधल्या अनोळखी बाईलाही आपल्या गुडघ्याची सगळी हकिकत सांगायचीस. आणि हेच तेवढं पोटात ठेवून गेलीस? मला राग येतो तुझा. ज्या बहिणीला आयुष्यभर दर वाक्याला खोडलंस, तिला एकदा खोडायला थांबली नाहीस.

इथवर लिहिलं आणि आईला जेवायला वाढायला उठले. आता संध्याकाळ होत आली आहे आणि मला पुढचं लिहायचं धाडस होत नाही. पण लिहिते.

यंदा चटणी करायची नव्हती. पण चटणी कुटून देणाऱ्या डंकवाल्यानं विचारलं, यंदा न्हाई का ताई, आणि मी बाजारातून मिरच्या घेऊन आले होते. जेवणं झाल्यावर रडायच्या वेळेला आईच्या समोर कागद पसरला आणि देठं काढत बसले. तिला काहीतरी दिसेल हातात घ्यायला, एवढाच विचार. ती खिडकीपासून उठली, माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि म्हणाली, "आक्का, कवा आलीस गं?"

घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "आत्ताच की."

तिनं मूठभर मिरच्या पुढ्यात ओढल्या. हात कसे भरभर चालत होते तिचे. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "आक्का, खरं सांग. दत्तू गेला तवा मी हुतो का गं तितं?"

खरं म्हणजे मला माहीत नाही असं म्हणायचं होतं. पण तू जन्मात कधी 'मला माहीत नाही' म्हणालीस का? तिनं लगेच ओळखलं असतं की ही आक्का नव्हे.

"हुतीस की," मी म्हटलं. "तुझ्याच मांडीवर गेला त्यो. रातभर उटली न्हाईस तू."

"शप्पत?"

"जोतिबाशप्पत."

तिनं डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण रोजचं रडणं नव्हतं ते. मी मिरचीचे हात तसेच धरून बसले. वाटलं, सुटलो आम्ही दोघी. तेवढ्यात तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"मग तू कुटं गेलतीस?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला जोतिबाहून घरी आणलं, पण कुणीतरी तिकडं गेलं होतं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते कोण? ती वाट बघत होती. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "मी गेलतो जोतिबाला."

मला वाटलं, आता ती मला, म्हणजे तुला, फाडून खाईल. पण तळहात तिखट म्हणून तिनं मनगट माझ्या पाठीवर ठेवलं.

"असू दे," म्हणाली. "तू बी ल्हानच हुतीस की. त्यो झोपलाच हुता गं, तू न्हाईस ते त्याला कळलंबी न्हाय. माझ्यापाशी हुता न्हवं? मग झालं तर."

आणि मग म्हणाली, चहा कर.

आत्ता ती आत झोपली आहे. कित्येक दिवसांत अशी झोपली नव्हती. मी काय केलं, मावशी? खरंच तू गेली असशील, तर एवढ्या वर्षांनी तुझ्या बहिणीनं तुला माफ केलं आणि ते ऐकायला तू नव्हतीस, मी होते. आणि तू गेली नसशील, तू त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत रात्रभर जागली असशील, तर देवाची खोटी शपथ घेऊन मी ते तुझ्या माथी मारलं, आणि तुला एका शब्दानं खोडता येत नाही. उद्या ती विसरेल आणि परत विचारेल. मला परत सांगावं लागेल.

तर हे ऐक. आई आहे तोवर जोतिबाला तू गेली होतीस. ती जितक्यांदा विचारेल तितक्यांदा मी तेच सांगेन, आणि तुझ्या वाट्याची माफी मान खाली घालून घेईन. हे मी रेकॉर्ड केलेलं नाही, करणारही नाही. माझ्या पोरांच्या, तुझ्या पोरांच्या कानावर जाऊ देणार नाही. आणि आई गेली, की त्या दिवसापासून तुम्ही दोघीही दत्तूच्या उशाशी होता. कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन.

तुझ्या धाकटीची लेक,
सुमन