अमिहान कुठल्या शाळेत

६ मार्च
अमिहान पास! सरकारी विज्ञान शाळेच्या यादीत माझ्या पोरीचं नाव. धावत परसात गेले तर बाईसाहेब पेरूच्या झाडावर. मला, आईला, म्हणाली, "बरं. नानाय, हा भुंगा बघ."
शिकणं, राहणं, जेवण — सगळा खर्च सरकार करणार. पण राहायचं तिथंच, वसतिगृहात. आमच्या इलोइलोपासून दोन तास लांब. बारा वर्षांची आहे ती.

७ मार्च
सासूबाई माशाचं कालवण ढवळायच्या थांबल्या. "या घरातली प्रत्येक मुलगी सिस्टर्सच्या शाळेत शिकली. तू तिथंच शिकवतेस, फी माफ. आणि ही सरकारी शाळेत जाऊन बेडूक कापणार?"
खरं तर मलाही तेच हवंय. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ती दिसेल. हे मात्र कुणाला बोलले नाही.

१३ मार्च
जहाजावरून रोमेलचा फोन. "तूच ठरव." दर्यावरच्या नवऱ्यांचं ठरलेलं उत्तर. मग, "तिला विचारलंस का?"
नव्हतं विचारलं.

१४ मार्च
विचारलं. "सिस्टर्सची शाळा," ती लगेच म्हणाली. इतकं हायसं वाटलं की दुपारी नूडल्सच्या सूपचे, बाचोयचे, दोन वाडगे संपवले.
संध्याकाळी सासूबाई फणकारत आल्या. "सरकारी शाळेला का नाही म्हणाली, ठाऊक आहे? तातय कायम समुद्रावर, मी गेले तर नानाय एकटी पडेल, असं म्हणते. एकटी? मग मी कोण, या घरातलं टेबल?"
हसू आवरेना. मग रडू आवरेना.
सासूबाई आजपासून सरकारी शाळेच्या बाजूने.

२० मार्च
धीर करून आमच्या मुख्याध्यापिकांना, सिस्टर कॉन्सोलातांना, सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एकच सूक्ष्मदर्शक आहे, आणि त्या कपाटाची किल्ली दोन वर्षं सापडत नाही. पाठवा हो पोरीला."

२६ मार्च
तिघी शाळा बघायला गेलो. अमिहान बसमध्ये तोंड फुगवून. तिथं तळ्यात एक मुलगी गुडघाभर चिखलात उभी, हातात वही.
"काय करतेस?"
"चतुर मोजतेय."
"नुसते उडणारे? की पाण्यातल्या अळ्यापण?"
ती मुलगी हिच्याकडे बघतच राहिली. पुढचा तासभर दोघी चिखलात. नवे बूट, पांढरे मोजे — जाऊ दे.
परतताना हळूच आजीला विचारते, "लोला, तू नानायजवळ राहशील ना?"
"टेबल कुठं जातंय?" सासूबाई म्हणाल्या.
उद्या सही करून कागद पाठवते.

१६ ऑगस्ट
सोडून आले. जेवायला मी तीन ताटं मांडली. सासूबाईंनी एक उचलून ठेवलं.

२१ ऑगस्ट
शाळेचा पहिला आठवडा संपला. उद्या पहिल्या बसने भेटायला जायचं म्हणून केळीच्या पानावर तांदळाचा केक, बिबिंका, भाजून डब्यात भरली. तेवढ्यात तिचा फोन. "नानाय, उद्या नको ना येऊस. आम्ही सगळ्या नदीवर जाणार आहोत. पुढच्या शनिवारी ये." मागे पोरींचा नुसता कल्ला. बरं म्हटलं.
सासूबाईंनी डबा उघडला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला. म्हणाल्या, "गिमारास बेटावर जाऊन मला पंधरा वर्षं झाली."
मला तर अठरा. उद्या सकाळी दोघी सातची बोट पकडतोय.